उसनी जीभ

काकू : …रागावू नकोस ग, पण आठवडा होत आला, तुझ्या पावाला मीठच नाही.

मुलगी : मीठ नाही? काकू, पहिली भट्टी निघाली की आधी बाबांच्या तोंडात तुकडा जातो, मगच पाव फळीवर येतात.

काकू : मग बाबांनाच विचार. आमच्या ह्यांनी दोन दिवस गुमान खाल्ला. तिसऱ्या दिवशी म्हणतात कसे, शिवणकाम करतेस ना, हा उशीत भर!

मुलगी : अगं बाई!

काकू : बाकीच्यांनी मुकाट्यानं दुसरं दुकान धरलं. मी पडले शिंपीण. उसवलेलं दिसलं की गप्प बसवत नाही. तू का नाही ग एकदा जिभेवर ठेवून बघत?

मुलगी : माझ्या आतड्यांना गहू सोसत नाही, काकू.

काकू : हो की. भट्टीवालीलाच गहू वर्ज्य! देवाच्या मनात काय असतं, त्याचं त्यालाच ठाऊक… येते मी. बाबांवर ओरडू नकोस हं.

(काकू जाते.)

मुलगी : बाबा, ऐकलंत?

बाबा : तिचं काय ऐकायचं! तिला सुईच्या नाकातून हत्ती दिसतो.

मुलगी : शाळेला जाणारे पाव वाढले तेव्हा मी पीठ दुप्पट केलं आणि मीठ वाढवायचं राहून गेलं. चूक माझीच. पण तुम्ही रोज ‘फक्कड’ म्हणत होतात.

बाबा : फक्कडच होता.

मुलगी : हा घ्या. खा. कसा आहे?

बाबा : छान. मीठही बेताचं.

मुलगी : त्यात मी आत्ता चमचाभर मीठ दाबलंय, बाबा. दुसऱ्या कुणी थुंकून टाकला असता.

बाबा : मागच्या महिन्यात ताप आला होता ना, त्यात गेली ग जीभ. कढत कळतं, गार कळतं. बाकी सगळा ओला कागद.

मुलगी : तेव्हाच का नाही बोललात?

बाबा : बोललो असतो तर तू स्वतः चाखलं असतंस.

मुलगी : कणभर.

बाबा : तुझी आत्या कणाकणानंच गेली. आम्ही म्हणायचो, पोरीला नजर लागली. अंगात ताकद यावी म्हणून आई तिला दुधात पाव कुस्करून भरवायची. ती सुकली की आणखी पाव. मायाच करत होतो ग आम्ही.

मुलगी : तुमच्या रक्तातही तोच गव्हाचा दोष निघाला. तुम्ही मात्र रोज खाता आणि ढेकर देता.

बाबा : डॉक्टर म्हणाले, रक्तात असलं तरी प्रत्येकात उठतंच असं नाही. बहिणीला बाधलं, लेकीला बाधलं, मधला मी मात्र धडधाकट. रोज सकाळी हात जोडून विचारतो, देवा, हा कसला रे तुझा निवाडा?

मुलगी : जाऊ दे. उद्या मीठ मोजून घालीन.

बाबा : मीठ सुधारेल. परवा आंबट होईल, तेरवा आत कच्चा राहील, आणि मी फक्कड म्हणत बसेन. आंधळ्याला काठी दिली, ती काठीही पोकळ. आणि तुझा रक्ताचा नवा रिपोर्ट? तोंडाला फडकं बांधूनही आकडा चढलाच ना?

मुलगी : तुम्ही वाचलात?

बाबा : हवेत पीठ, तुझ्या केसांत पीठ. भाकरी खाऊन काय उपयोग, श्वासातूनच गहू जातोय.

मुलगी : तांदळाचे पाव करू. शिकेन मी.

बाबा : इथं? भिंतीच्या फटीफटीत गहू बसलाय. माझ्या आजोबांच्या हातचा असेल.

मुलगी : मला दुसरं काही येत नाही, बाबा.

बाबा : मला तरी कुठं येतं? भट्टी नको पेटवू उद्या.

मुलगी : गिऱ्हाइकं येतील.

बाबा : मी बसतो दारात. सांगेन, पाव बंद झाले. तू आत बस… नको, आत नको. आत पीठ आहे. तू बाहेर कुठंतरी जा, पोरी.

मुलगी : कुठं, बाबा?