चंद्रीचा पट्टा आणि काकूंचा पदर

अरे, आमच्या कंपनीचा पट्टा माहितीये ना? गाईच्या गळ्यात बांधायचा, ती आजारी पडली की फोनवर मेसेज येतो. तो घेऊन मी धायरीला मालूकाकूंच्या गोठ्यात गेलो. त्यांच्या चंद्रीला बांधला. फोन म्हणाला, तब्येत उत्तम.

काकू म्हणाल्या, "हिला ताप हाय. डॉक्टरला बोलाव."

डॉक्टरांनी येऊन थर्मामीटर लावला, तर खरंच ताप!

मी चाट पडलो. "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"रोज धार काढताना माझा पदर चघळती. आज नुसता हुंगला पण न्हाई."

मी लगेच वही उघडली. "काकू, हे आमच्या पट्ट्याला कसं शिकवायचं हो?"

"आधी त्याला साडी नेसव."