शंभराच्या आत

नाही नाही, तिथंच थांबा मॅडम, पायरीवर — आधी ओळखपत्र. असं समोर धरा, अजून जवळ, माझा चष्मा आत राहिलाय. हर्षाली... बरं, वीज कंपनीच्या ना, तेवढं पुरे. मला ठाऊकच होतं तुम्ही येणार. समोरच्या योगेशनं कालच सांगितलं, कंपनीची माणसं गल्लीत फिरतायत, एका घराला दोन मीटर दिसले की चौकशी करतायत. करा की! सबंध सिडकोत पुंजा आरोटेचंच घर सापडलं? बसा. चहा मिळायचा नाही, आज बुधवार, आमची मंडळी बाहेर गेलीय, आणि मला चहा करता येत नाही. फाइल मिटा ती. मिटा म्हणतो ना — आधी माझं ऐकायचं, मग तुमचे कागद. घाई तुम्हाला असेल, मी रिटायर माणूस आहे.

आणि मला नियम सांगायला जाऊ नका, नियम मी तुम्हाला सांगतो. अंबडला बत्तीस वर्षं लेथवर काढली, शिक्षण दहावी, पण वीज आयोगाचं दरपत्रक माझ्या उशाशी असतं. थकबाकी असली तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वायरीला हात लावता येत नाही — आणि माझी तर दमडीची थकबाकी नाही. बिल पटलं नाही तर तक्रार मंच आहे, तिथं वकील लागत नाही, साधा अर्ज लागतो. मी अकरा केलेत. आता तुमचे साहेब मला बघितलं की आपणहून खुर्ची देतात. आणि सगळ्यात पक्का नियम, लिहूनच घ्या — ज्याच्या नावावर मीटर, तोच ग्राहक. बिल भरलेलं असेल तर त्याच्या अर्जाशिवाय मीटर जागचा हलत नाही. मग मध्ये कंपनी पडो, नाहीतर त्याचा बाप पडो. खालचा मीटर माझ्या नावावर, वरचा अमोलच्या, माझ्या मुलाच्या. झालं? संपला विषय.

दोन मीटर कशाला म्हणता? अहो, इंजिनियर ना तुम्ही? पहिल्या शंभर युनिटांना दर कमी, त्याच्या वर दुपटीहून जास्त. एका मीटरवर आमच्या घराचं पावणेदोनशे व्हायचं. दोन केले — दोन्ही शंभराच्या आत. चोरी नाही ती, तारेवर आकडा टाकलेला नाही मी. तो कमी दर गरिबासाठीच ठेवलाय, आणि का ठेवलाय? आमच्यासारखी माणसं सुनावणीला जाऊन भांडली म्हणून. कंपनीनं दरवाढ मागितली की लोकांचं ऐकून घ्यावं लागतं आयोगाला, कंपनीच्या मनानं नाही चालत. मी पण उभा राहिलो, हातात माइक, तीन मिनिटं. म्हटलं, साहेब, मेच्या उकाड्यात तान्ह्या लेकराला पंखा ही चैन नाही, गरज आहे, तेवढी वीज तरी महाग करू नका. टाळ्या पडल्या! पेपरात दोन ओळी आल्या, कात्रण आहे आत. आणि लोक काय अडाणी असतात — त्यांना वाटतं, एकशे एकावं युनिट पडलं की सगळं बिलच वरच्या दरानं. तसं नसतं! शंभराच्या वर जे जातं तेवढ्यालाच जादा दर, खालच्या शंभराला धक्का लागत नाही. ह्या गल्लीत घरोघरी जाऊन समजावलंय मी. घरोघरी.

दुसऱ्या मीटरला चूल वेगळी पाहिजे, हाच तुमचा मुद्दा ना? आहे वेगळी. लिहा. वर ओटा आहे, शेगडी आहे. मीटर घेतला तेव्हा — आता लपवून तरी काय करायचंय — तेव्हा नुसती शेगडी मांडली होती, सिलिंडर नव्हतंच. हिची चार भांडी वर नेऊन ठेवली, तुमच्या त्या वेळच्या माणसाला दाखवली, तो गेला की भांडी परत खाली. जेवण सगळ्यांचं इथंच, एका पातेल्यातलं. सून, मोहिनी, घोटीकडची, आमच्याच बाजूची — भात काय मोकळा करायची! कागदावर वेगळे आणि पंगतीला एकत्र, म्हणून अमोल हसायचा. तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे. मग खोट्याला चौकशी नाही आणि खऱ्याला चौकशी, हा कुठला न्याय?

घर चालवायचं म्हणजे शिस्त लागते, मॅडम. रोज सकाळी दोन्ही रीडिंग मी जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहायचो. पंखा दोनवर, त्याच्या वर नाही. मोहिनी मला माघारी रेग्युलेटर म्हणायची — हळू करा पंखा, रेग्युलेटर आले! — मला ऐकू यायचं, आणि खोटं का बोलू, बरंही वाटायचं. मग दिशा झाली, नात. मे महिना, वरच्या मजल्याचा स्लॅब, दिवेलागणीलासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. सुनेनं कूलर आणला, माहेरच्या पैशानं. दिवसभर घुर्र घुर्र. अठ्ठावीस तारखेला महिन्याची युनिटं अठ्ठ्याण्णव! महिना संपायला तीन दिवस. म्हटलं, तीन दिवस खाली या. तर म्हणाली, पोरगी आत्ताच झोपलीय, अंगभर घामोळं उठलंय तिच्या, उठवू नका. आता शिस्त म्हणजे शिस्त की नाही? गेलो जिन्यात, मेन स्विच पाडला, पेटीला कुलूप घातलं. अमोल पहिली पाळी करून आला तेव्हा दोघी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, मोहिनी ओढणीनं वारा घालत. तो जेवला नाही. रविवारी टेम्पोच आणला. तीन दिवसांचा कूलर म्हणजे किती, बारा-पंधरा युनिटं? सगळे मिळून दीडशे रुपये झाले असते. दीडशे. तुम्ही नका करू हिशेब, मी केलाय. आणि असं बघू नका माझ्याकडं, तुमच्याही घरात सासरा असेल.

पाथर्डी फाट्याला दोन खोल्या घेतल्यात त्यांनी. तिथं मीटर घरमालकाचा, आणि तो भाडेकरूंकडून पंधरा रुपये युनिट घेतो! पहिल्या युनिटापासून! नियमात बसत नाही ते, मी एका अर्जात सरळ करीन त्याला. फोन केला अमोलला, म्हटलं, अर्ज लिहून ठेवलाय, तू फक्त सही कर. तर म्हणतो कसा — बाबा, पंधरा घेतो तर घेऊ द्या, पंखा कितीवर लावलाय ते बघायला तो येत नाही. पुन्हा फोन करू नका. हे ऐकवलं मला! ज्याच्यासाठी ओव्हरटाइम केले त्यानं! आमची मंडळी जाते दर बुधवारी डबा घेऊन. मला चल म्हणत नाही. मीही विचारत नाही.

काय? वरच्या मीटरवर रोज एकच तास वापर दिसतो? दिसणारच, तुमचा तो नवा मीटर चोंबडाच आहे, तासातासाचं सांगतो. संध्याकाळी सात ते आठ. मीच जातो. मीटर शून्यावर राहिला तर रिकामं घर म्हणून तुम्ही लोक काढून न्याल, म्हणून जातो. दुसरं काही नाही. पंखा लावतो, खाली सतरंजीवर बसतो. पाळण्याचा हुक आहे अजून छताला. पाचवर लावतो. आज तर सकाळपासूनच लावून ठेवलाय, तुम्ही येणार म्हणून. बिलही मीच भरतो. रेशनकार्डातून नाव काढून नेलं त्यानं, मतदार यादीतलं नेलं. ह्या पत्त्यावर त्याचं नाव आता महिन्यातून एकदा येतं, त्या बिलावर. हिला दाखवतो मी ते, बघ म्हणतो, आलं. म्हणून सांगतोय, त्या मीटरला हात लावायचा नाही. लिहा — चूल वेगळी, स्वतंत्र कुटुंब — आणि निघा.

आता काय काढलंत? चौकशीला आलाच नाहीत? मग तासभर बसलात कशाला — द्या इकडं. राहू द्या, चष्मा नको, मोठं अक्षर आहे. वीजजोडणी कायमची बंद करण्याबाबत अर्ज. ग्राहकाचं नाव... कारण... सदर जागेत राहत नाही व राहणार नाही.

बरं.

नाही, बरोबर आहे. ग्राहकाचा अर्ज आहे, तुम्ही काय करणार. एकही रकाना मोकळा सोडलेला नाही बघा, माझ्याकडं बघूनच शिकला. जिना डावीकडं आहे. पेटीची किल्ली ही घ्या. काय म्हणालात? मेन स्विच मी पाडू? मी नाही. त्या स्विचला मी हात लावत नाही. तुमचं काम आहे, तुम्ही पाडा. पंखा असू द्या चालू. स्विच पडला की थांबतोच तो. जा.