गंजीचा ताप

(१९७२. दसऱ्यानंतरची दुपार, शेवगावकडची एक वस्ती. गोठ्याशेजारी गवताची गंजी. तिच्यात खुपसलेल्या सळईच्या तारा छपराखालच्या पेटीपर्यंत आल्या आहेत.)

सूर्यभान : वयनी, आता इचार कसला करता? मानसं दाताळी घिऊन उभी हायेत. सायबांनी मान हलवली की गंजी मोडायची.

चांगुणा : आन पसरायची कुठं? उघड्या रानात? असल्या दुष्काळात गावची उपाशी गुरं दोन दिसात फस्त करतील, भावजी. त्यांना काठी घिऊन मी न्हाई हाकलनार.

सूर्यभान : मग पेटू द्यायची? गोठा हितं हाय, हातावर! माळावर ऱ्हातो त्या कानिफनाथाची गंजी अशीच आतल्या आत धुमसली. वरनं कुनाला म्हाईत? जाळ दिसला तवा छप्पर गेल्तं.

शरच्चंद्र : ते म्हणतात ते खरं आहे, बाई. भंडारदऱ्याकडचं हे गवत ओलं असतानाच रचलं गेलं. ओलं गवत दाबून ठेवलं की पोटात तापतं. म्हणून तर मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून ही ताप मोजायची सळई घेऊन आलो. काल अठ्ठावन्न अंश होतं, आज एकाहत्तर. सत्तरच्या पुढे गेल्यावर थांबा म्हणायची माझी छाती नाही.

चांगुणा : सायेब, एका रातीत येवढं?

शरच्चंद्र : मलाही पटत नाहीये. पण जे दिसतंय ते दिसतंय.

चांगुणा : मला काय कळतंय त्यातलं. म्या आपली तांबडीच्या गळ्यातली घंटा काढून भावजींकडं ठिवाया दिली. येत्या बाजाराला घोडेगावला न्या म्हनलं तिला. गवतच न्हाई तर गाभनी गाय काय दारात उपाशी मारू?

शरच्चंद्र : आणि घंटा का काढलीत?

चांगुणा : जनावर इकायचं, घंटा न्हाई. आमच्यात तशी रीत हाय. हिच्या आईच्या दुधावर माझी दोन लेकरं वाढली, सायेब. गळा मोकळा केला तवा चाटत हुती माझा हात. लई वंगाळ वाटलं.

सूर्यभान : डोळं पुसा, वयनी. सायेब, तुमच्या तारा सोडा, न्हाईतर दाताळ्यात तुटतील.

शरच्चंद्र : सोडतो. हे पेटीवरचं गोणपाट जरा... अरेच्चा! हे ओलं आहे?

चांगुणा : व्हय.

शरच्चंद्र : मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून गुंडाळलंय. ओलं कुणी केलं?

चांगुणा : म्या. काल तुमी म्हनलात, पेटीला ऊन लागू दिऊ नका. म्हनलं, नाजूक वस्तू, हिला तरी गार वाटंल. रांजनाला गुंडाळतो तसं गुंडाळलं, वाळलं की परत पानी मारलं. काच तेवढी उघडी ठिवली, तुमाला काटा दिसावा म्हनून.

सूर्यभान : हितं घशाला कोरड, आन तुमी पेटीला अंघूळ घालताय?

चांगुणा : भांडी इसळल्यालं पानी हुतं वो! चुकलं का काय, सायेब? बिघाडली का पेटी?

शरच्चंद्र : थांबा, थांबा! माणसांना सांगा, गंजीला हात लावायचा नाही. आणि तो झाडाला टांगलेला थर्मामीटर आणा इकडे.

सूर्यभान : आनतो, पर झालं काय ते तरी सांगा.

शरच्चंद्र : या तारांचं एक टोक गंजीच्या पोटात आहे, दुसरं या पेटीत. गंजी किती तापलीय ते काटा सांगतच नाही. पेटीपेक्षा किती जास्त तापलीय, तेवढंच सांगतो. मग पेटी जितकी गरम असेल, तितके अंश त्यात मी मिळवतो. आज झाडावरचे चौतीस मिळवले. म्हटलं, पेटीही हवेइतकीच गरम असणार. आता हात लावून बघा तिला.

सूर्यभान : आयला! ही तर माठावानी गार!

शरच्चंद्र : थर्मामीटर आतच ठेवू, तारांपाशी. जरा दम धरा... हं, एकवीस. आणि काट्यावर सदतीस. करा बेरीज.

सूर्यभान : सदतीस आन एकवीस... अठ्ठावन. म्हंजी कालचंच?

शरच्चंद्र : कालचंच. कणभरही वाढलेलं नाही.

चांगुणा : म्हंजी ताप चढलाच न्हाई?

शरच्चंद्र : ताप आहे, पण चढत नाहीये. पेटी कोरडी करून संध्याकाळी पुन्हा बघू, उद्याही बघू. मी काही लगेच जात नाही. आज मात्र गंजी मोडायची नाही.

चांगुणा : अगं बया! माया करायला गेले, आन आमचाच घात करत हुते की म्या!

शरच्चंद्र : तुम्ही कशाला? पेटीला हात लावून बघायचं काम माझं होतं.

सूर्यभान : जाऊ द्या वो, माझा तर जीव भांड्यात पडला. ए मच्छिंद्रा, दाताळी खाली ठिवा, जावा घरी! वयनी, पेटीला लई पाजलंत, आता सायबाला घोटभर च्या टाका.

चांगुणा : टाकते की. आदी ती घंटा द्या हिकडं, भावजी. तुमच्या खिशात वाजतीया, आन तांबडी कवाधरनं कान टवकारून उभी हाय.