दोघांत एक बर्गर

कॉलेज रोडला नवीन बर्गरचं दुकान निघालं होतं ना, तिथे मी सुनीताला मुद्दाम नेलं. तिचे वडील मखमलाबादला भाजी पिकवणारे, ते अशा ठिकाणी कशाला फिरकतील? खिसा बघून दोघांत एकच बर्गर घेतला. ते येणार नाहीत हे माहीत असूनही माझी नजर सारखी दारावर.

"खा की निवांत," ती म्हणाली. "अण्णा मार्केटला गेलेत."

मी घास घेतला, तर अण्णा थेट स्वयंपाकघरातून बाहेर आले. खांद्यावर टोमॅटोचं रिकामं कॅरेट. दुकानाला माल त्यांचाच जातो, हे तिलाही माहीत नव्हतं. ते सरळ आमच्याकडेच आले. मी उभा राहिलो, घास तोंडात तसाच.

त्यांनी मला पाहिलं, मग प्लेटकडे पाहिलं.

"दोघांत एकच? नोकरी नाय का याला?"

"आहे, अण्णा," सुनीता म्हणाली. "पण पैसे उडवत नाही."

अण्णांनी कॅरेट दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "रविवारी घरी घेऊन ये त्याला."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सासरे सोबत असले की मी अजूनही दोघांत एकच मागवतो.