बसकराले इलॅस्टिक

...नाई तं काय! अन् वरून बायको मलेच इचारते, "अहो, बसकराले इलॅस्टिक कोण लावते?" आता तुमाले सांगतो मंडळी, मिसरूड फुटायच्या आधीपासून जो माणूस मोटारसायकलच्या सीटचे कव्हरं शिवून राह्यला, त्याच्या हातात तुमी कापड देता, म्हणता बसायसाठी कायतरी शिवा, तं तो काय लावंन? झालर लावंन? मोती लावंन? इलॅस्टिकच लावंन ना बावा! सीटवर चढवलं की घट्ट पकडून राह्यलं पाहिजे! आता लेकराचं बसकर सीटवर चढत नसते, फरशीवर पसरत असते, हे मले कधी समजलं? शिवून झाल्यावर! फरशीवर टाकलं तं चारही बाजूनं आत वळलं, तळलेल्या पापडावानी. त्याच्यात पोट्टीले बसवलं तं पोट्टी डोंग्यात बसल्यावानी दिसे, फक्त वल्हं द्यायचं बाकी होतं. पण मी म्हणतो, याच्यात माह्यं काय चुकलं, सांगा बरं?

हां, थांबा. मधातूनच सुरू केलं मी. तोंड सुटलं की असंच होते माह्यं.

आर्णीले बसस्टँडाच्या मागं माह्यं दुकान हाय, राजदीप सीट कव्हर. रेक्झिनच्या गुंडाळ्या, फोमचा ढीग, एक जुनी दणकट मशीन, अन् मी. अन् माह्यी पोट्टी. नाव संघमित्रा, पण एवढं मोठं नाव अजून तिच्या आंगाले ढिलं होते, म्हणून मितू. माह्यी बायको रुपाली नर्स हाय, सकाळच्या एसटीनं घाटंजीले ड्युटीवर जाते, मग पोट्टी कोणाजवळ? बापाजवळ! फोमच्या ढिगावर झोपली, रेक्झिनवर रांगली, गिऱ्हाइकाच्या सीटवर टांग टाकून टाकून बोलायले शिकली. पहिला शब्द काय बोलली असंन? आई? नाई. बाबा? नाई. 'भुर्रर्र'!

चांगलं चाललं होतं हो. पण एक दिवस मी फोम कापून राह्यलो, मान वर करून पाह्यतो तं पोट्टीच्या हातात कातर! रेक्झिन कापायची, भल्ली मोठी, अन् ही आपली हसून राह्यली माह्याकडं पाहून. बाप्पा! धावत जाऊन आधी कातर काढून घेतली. काई झालं नाई म्हणा, पण रुपालीले समजलं. कोणी सांगितलं? मीच सांगितलं! माह्या पोटात काई राह्यते काय? ती ओरडली असती तं परवडलं असतं, ती ओरडलीच नाई. शांतपणे म्हणे, "शाळेत रमली तं ठीक. नाई रमली तं मीच नोकरी सोडून घरी बसीन. पोरीचे बोटं जायची वाट पाहायची काय?" अन् ते नोकरी तिनं कशी मिळवली, हे मी पाह्यलं हाय. एका हातानं भाकरी थापे, अन् दुसऱ्या हातानं पुस्तकाचं पान उलटवे. ते नोकरी माह्या ढिलाईपायी जावी? मी तोंड धुवायच्या बहाण्यानं नळावर जाऊन उभा राह्यलो.

तं शाळा पाह्यली. लहान लेकरांची, घराजवळची, छान. पालकांची मीटिंग झाली, तिथं सुरभी मॅडम. एकदम गोड आवाज, शुद्ध भाषा, हात असे फुलपाखरावानी. "पालकहो, बाजारातलं काही म्हणजे काही आणायचं नाही हं! दप्तर, बसकर, उशी, एप्रन, सगळं घरीच शिवायचं! घरी शिवलेल्या वस्तूला घरचा वास असतो, आणि घरचा वास असला की मूल रमतं!" साऱ्या बाया एकमेकीकडं पाहून राह्यल्या. एक म्हणे, "माय वं, मले तं बटणबी लावता येत नाई." अन् त्या साऱ्या बायांमधात एकच मिशीवाला बसला होता, गप बसावं ना त्यानं? गप बसून कोणाचं वाईट झालं हाय काय आजपर्यंत? पण नाई! मी उभाच राह्यलो! "मॅडम, आपलं शिवायचंच दुकान हाय. बुलेटची सीट शिवतो आपण, उशी काय चीज हाय!" बाजूले बसलेल्या रुपालीनं चिमटा काढला, पण उशिरा काढला.

मग काय, आणलं मलमलचं मऊ कापड, त्याच्यावर पिवळे पिवळे बदकं. मशीनीत घातलं. आता ते मशीन कशी हाय? जाडंभरडं रेक्झिन खाऊन खाऊन वाढलेली! मलमल दिसली अन् तिनं चावलीच नाई, गिळली! बदकाची मान आत, ढुंगण बाहेर. ओढलं तं फाटलं. म्हटलं, याले आधार पाहिजे. आतून फोम लावला, खालून रेक्झिन लावलं, कडेनं पायपिंग मारली, वर डबल शिलाई. काय सांगू तुमाले, दप्तर असं झालं की खाली ठेवलं तं ताठ उभं, अन् पोट्टीच्या पाठीवर अडकवलं तं पोट्टी उताणी. उशी शिवली, तं समोरून निमुळती, मागून रुंद, अन् मागची बाजू उंच. उंच काहून? कारण मागं बसणाऱ्या बाईले समोरचं दिसलं पाहिजे! अबे, पण उशीवर मागं कोण बसते? हे कोण इचार करंन? हातालेच पाठ झालं ना सारं! ते बसकर तं सांगितलंच तुमाले, मोटारसायकलच्या मापाचं, लांबलचक, वरून इलॅस्टिक.

अन् एप्रन! एप्रन जमला होता मंडळी, आईशप्पथ जमला होता. पण झालं काय, की शिवून झाल्यावर मागून दुकानाचा बिल्ला लावायची आपली सवय. 'राजदीप सीट कव्हर, आर्णी', खाली मोबाईल नंबर. बरोबर पोट्टीच्या पाठीवर. रुपाली पाहतच राह्यली. म्हणे, "हे काय हाय?" मी म्हटलं, "असू दे ना, पोट्टी हरवली तं कामी येईन!" सांगा, याच्यात माह्यं काय चुकलं?

रुपाली हसली. इतकी हसली की डोळ्यातून पाणी, पदर तोंडात. मले वाटलं, खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिनं सारं सामान पोत्यात भरून दुकानात आणून टाकलं अन् शेजारच्या विमलताईकडून नवा सेट शिवून घेतला. विमलताई ब्लाउज शिवते, तिचा हात काय, लोणी! बसकर सपाट, उशी चौकोनी, दप्तर हलकं. तेच बदकं, पण हे बदकं हसून राह्यले होते. माह्यावाले बदकं मार खाल्ल्यावानी दिसत.

अन् या साऱ्या गोंधळात एक माणूस राह्यला बाजूले. पंजाबराव. काकाजी म्हणतो आपण त्याईले, वडिलांच्या वयाचे, तोंडानं तिखट. त्याईची अख्खी सीट दुकानात पडली होती, नवा फोम, नवं कव्हर टाकायले. अन् मी बदकं शिवून राह्यलो! पेरणीचे दिवस, काकाजी गाडीच्या लोखंडावर पोतं टाकून वावरात जाऊन राह्यले. रोज दुकानापुढं गाडी थांबवत, एका बाजूनं कण्हत उतरत. "अबे राज्या, आज होते का नाई? तुले लाज हाय का नाई? रात्री पालथं झोपा लागून राह्यलं मले!"

शाळा सुरू झाली. अन् माह्यी पोट्टी... काय रडली, काय रडली! विमलताईचं बसकर फेकलं, उशी फेकली, दप्तर मॅडमच्या चष्म्यावर. एकच बोंब, "बाबाऽऽ!" मी गेटाबाहेर लिंबाखाली उभा. आता खोटं कायले बोलू, डोळ्यात पाणी होतं, पण इकडं छातीबी फुगून राह्यली होती. शेजारी उभ्या बायाईले म्हणून राह्यलो, "काय करता, लय जीव हाय पोट्टीचा बापावर! माह्याशिवाय राह्यतच नाई!" दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मॅडम बाहेर आल्या, आवाज गोडच, पण हात फुलपाखरावानी नव्हते. "आणखी थोडे दिवस बघू हं. नाहीच रमली, तर पुढच्या वर्षी आणा."

पुढच्या वर्षी! म्हणजे मधातलं अख्खं वरीस पोट्टीले कोण सांभाळंन? रुपालीनं ऐकलं. संध्याकाळी ड्युटीचा पांढरा कोट धुतला, वाळवला, अन् घडी करून कपाटात पार खाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून तिनं रजाच टाकली. कातर मी उघडी ठेवली, बढाई मी मारली, अन् नोकरी जाईन तिची.

त्याच तिरमिरीत काकाजीची सीट पुरी केली. फोम नवा, रेक्झिन काळंभोर, चकचकीत, वास असा की दुकान भरून जाय. सकाळी सीट बांधली माह्या गाडीवर मागं दोरीनं, पोट्टीले बसवलं टाकीवर, म्हटलं आधी हिचं रडणं उरकवू, मग सीट देऊन येऊ. गेटावर आलो. मॅडम आल्या. पोट्टीनं सूर लावला, "बाबाऽऽ!" मॅडमचा हात सुटला, पोट्टी पळत आली. मी खाली वाकलो, दोन्ही हात पसरले, म्हटलं ये माह्या बाळा... अन् पोट्टी माह्या बगलेखालून सूऽऽ करून गेली गाडीकडं! काकाजीच्या सीटले दोन्ही हातानं मिठी! गाल टेकवला, नाक घासलं, अंगठा तोंडात. चूप! एकदम चूप! साऱ्या बाया पाहून राह्यल्या, अन् मी आपला हात पसरून तसाच वाकलेला.

मॅडम म्हणे, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "पंजाबरावची सीट."

मॅडमनं एकदा पोट्टीकडं पाह्यलं, एकदा सीटकडं, अन् म्हणे, "आत आणा."

आणली आत. ठेवली फरशीवर. पोट्टीनं टांग टाकली, "भुर्रर्र" केलं, अन् मागं वळून पाह्यलंबी नाई! तेव्हा कुठं माह्या डोक्यात उजेड पडला. मॅडम खरंच बोलल्या होत्या, घरचा वास! पण आमच्या पोट्टीचं घर कोणतं? जिथं दिवसभर रांगली ते! तिले कपाटातल्या मऊ कापडाचा वास परका, अन् रेक्झिनचा वास म्हणजे माहेर. अन् ते तीन दिवस "बाबाऽऽ बाबाऽऽ"? ते माह्यासाठी नव्हतं बावा! माह्या शर्टाले जो वास होता, त्याच्यासाठी होतं!

बरं, पोट्टी रमली. पण काकाजी? काकाजी दुकानात आले, पोतं बगलेत. "सीट?"

"काकाजी, सीट शाळेत गेली."

"कोणत्या शाळेत?"

"लहान लेकराईच्या."

"अबे, माह्या सीटले काय अ आ ई शिकवून राह्यला?"

तरातरा निघाले शाळेकडं, मी मागं मागं. म्हटलं, आता हा माणूस लेकराखालून सीट ओढते, अन् संपलं सारं! खिडकीतून डोकावले. आत सारे लेकरं दुपारी झोपलेले, अन् मधात मितू, सीटवर पालथी, नव्या कव्हरवर लाळ गळून राह्यली. काकाजी पाह्यत राह्यले, पाह्यत राह्यले. मग हळूच म्हणे, "राहू दे. इतक्या सुखानं मीबी कधी बसलो नाई त्याच्यावर." अन् वळून खेकसले, "पण मी कायच्यावर बसू रे, बह्याडा?"

दुकानात एक जुनी सीट पडली होती, त्याच मापाची, उघडी. कव्हर कापायले वेळ कोणाले? काकाजी डोक्यावर उभे! तयार कव्हर एकच होतं. पोत्यात. बदकाचं. ते बसकर काढलं अन् चढवलं सीटवर... अन् काय बसलं म्हणता! एक सुरकुती नाई! इलॅस्टिकनं असं गच्च पकडलं! मी उड्या मारल्या, म्हटलं पाहा, याच्यात माह्यं काय चुकलं होतं? काकाजी त्या पिवळ्या बदकाईकडं पाह्यत राह्यले. "अबे, मी बियाणं आणायले चाललो का तळ्यावर?" पण बसले. नाइलाजानं बसले, अन् बसल्यावर तोंड जरासं सैल झालं. आता सारी आर्णी पाह्यते, एवढ्या मोठ्या मिशा, एवढं मोठं पागोटं, अन् खाली बदकं. कोणी हसलं तं काकाजी म्हणतात, "फॅशन हाय!" अन् सवयीनं त्याच्याबी मागं बिल्ला लावला होता, त्याच्यावर माहा नंबर, तं मले फोन येऊन राह्यले, "भाऊ, बदकवालं मिळंन काय?"

रुपालीनं त्या संध्याकाळी शाळेतून पोट्टीले आणलं. कपाटाच्या तळातून पांढरा कोट काढला, अन् इस्त्री करायले बसली. मी पाह्यलं, इस्त्री करता करता डोळे पुसून राह्यली. मीबी पुसले, कोणी पाह्यत नाई असं पाहून.

सारं गोड झालं. फक्त माह्यं तेवढं सांगतो अन् थांबतो. कालची गोष्ट, शाळा सुटली, मी अंघोळ करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून गेटावर उभा. पोट्टी हात पसरून पळत आली. मी वाकलो, हात पसरले... पोट्टी बगलेखालून सूऽऽ, अन् गाडीच्या सीटले मिठी! मी तसाच वाकलेला, अन् बाया तशाच पाह्यत. मी म्हणतो, याच्यात माह्यं काय चुकलं, सांगा बरं? चुकलं एवढंच, की अंघोळ केली. आता ठरवलं, आपल्यासाठीबी रेक्झिनचाच शर्ट शिवून टाकतो. माप घ्यायची गरज नाई, पोट सुटलंच हाय... खालून इलॅस्टिक लावतो!