पाचवं प्रकरण

माने सर : शिवानी, पाचवं प्रकरण काढून टाक. बाकीच्या चार प्रकरणांवर तुझी पीएच.डी. आरामात होईल.

शिवानी : काढणार न्हाय, सर.

माने सर : मी तुझा गाइड आहे. माझ्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जमा होत नाही. आणि आज शेवटचा दिवस आहे.

शिवानी : म्हणूनच आलोय. सही करा.

माने सर : अगं, ऊर्जा पुड्या बांधल्यासारखी येते, हे शंभर वर्षं सगळं जग शिकतंय. आणि तू लिहितेस, प्रकाश ही नुसती लाट, पुड्या नाहीतच!

शिवानी : ऊर्जेच्या पायऱ्या हायत की. पण त्या अणूच्या आत. बासरीत फुंक सलगच जाते, सूर तेवढे ठरावीक निघत्यात. म्हणून फुंकच पुड्यांनी येते म्हणायचं व्हय?

माने सर : परीक्षकांना बासरी सांगणार? मागच्या सेमिनारला सगळे हसले, विसरलीस?

शिवानी : मी ‘सांगतो’, ‘करतो’ म्हणालो म्हणून हसले. आमच्या नेसरी गावात आमी बायका असंच बोलतो. गणिताला कोण हसलं न्हाय.

माने सर : बरं, गणिताचंच बोलू. प्रकाशाचा एकेक कण सोडला आणि पुढं दोन वाटा ठेवल्या, तर दोन्हीकडचे डिटेक्टर एकदम वाजत नाहीत. लाट असती तर दोन्हीकडं गेली असती. आहे उत्तर?

शिवानी : न्हाय. तिथं माझं गणित हरतं. एकेचाळिसाव्या पानावर मीच लिवलंय.

माने सर : तू लिहिलंयस?

शिवानी : सर, तुमी हे प्रकरण वाचलंय न्हवं?

माने सर : सुरुवातीची नऊ पानं.

शिवानी : बेचाळीस हायत.

माने सर : हे बघ, हातकणंगल्याच्या कॉलेजातली तुझी नेमणूक या डिग्रीवर अडलीय. तुझ्या भल्याचंच सांगतोय. जे शेवटी हरतं, ते ठेवायचं कशाला?

शिवानी : प्रयोगांशी जितकं जुळलंय तितकं पुड्यांबिगर जुळलंय. पाच वर्सं घातल्यात मी त्यात. हरलं ते लपवलं न्हाय, मग जुळलं ते का पुसू? नोकरी गेली तर जाऊ दे. पण न वाचता काढ म्हणू नका. वाचा. मी बसतो हितं.

(सर चष्मा लावतात. पाऊण तास खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज.)

माने सर : समीकरण सतरा. इथं वजा पाहिजे.

शिवानी : कुठं? आगं बाई… व्हय की. पण पुढं वर्ग होतोय, सर. उत्तर बदलत न्हाय.

माने सर : उत्तर बदलत नाही म्हणून चूक तशीच ठेवायची?

शिवानी : न्हाय. पण सर… प्रकरण?

माने सर : वजा घाल आणि तेवढं पान परत छापून आण. पाचपर्यंत हाय मी हितं.