नारायण गप्प बसला तव्हा

माणूस गप्प बसला की जीव किती घाबरते, ते मले विचारा. पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. माझा धाकटा भाऊ नारायण डोक्याच्या आजारातून बरा झाला होता. नागपूरचे एक डॉक्टर सौंसरला माझ्या दुकानात आले. म्हणाले, "या आजाराचा अभ्यास करून राहिलो. पेशंटले काय विचारायचं, ते नारायणभाऊ, तुम्हीच सांगा."

नारायण गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मले घाम फुटला. वाटलं, आजार उलटला.

"अबे, बोल ना काही."

तो उठला, माठातलं गिलासभर पाणी प्यायला. "दादा, गोळीनं तोंड सुकते, जीभच हालत नाही. डॉक्टरसाहेब, पहिले पाणी पाजा, मंग विचारा."

माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर हसले, "हे आमच्या ध्यानातच आलं नाही."

"दादाच्या तरी कुठं? गिऱ्हाइकाले आल्याबरोबर पाणी देते. मी पडलो घरचा."